मुबारक जमादाराची कडी

अण्णाराव वाण्यांना रस्त्यात कुणी राम राम घातला की ते आधी घालणाऱ्याच्या मागं बघायचे. मागं कुणी नाही अशी खात्री झाली की मगच उलट राम राम. गुळाची ढेप ते मधोमध फोडून बघत, नोट उजेडाकडं धरत आणि घरी नीलाबाईंनी पुढं केलेल्या चहाचा पहिला घोट घेऊन क्षणभर थांबत. नीलाबाई म्हणायच्या, "इतक्या वर्सांत इख घालायचं असतं तर घातलं नसतं का?" याही बोलण्यावर अण्णाराव विचार करत बसायचे.

अशा माणसानं एकच गोष्ट कधी तपासून बघितली नव्हती. आपण ज्या दुकानात बसतो ते आपलं आहे का?

नांदूरघाटच्या बाजारपेठेतली ही जागा निजामाच्या काळात पागा होती. मुबारक जमादार नावाचा एक हबशी तिथं आठ-दहा घोडी घेऊन राहायचा. त्याचे आजे-पणजे आफ्रिकेतून हैदराबादेत आलेले, सरकारी फौजेत वाढलेले. पोलीस ॲक्शनच्या भादव्यात जमादार हैदराबादकडं गेला तो गेलाच. पुढं कधीतरी अण्णारावांचे वडील सिद्धाराम तिथं गुळाच्या ढेपा ठेवू लागले. ढेपांच्या राखणीला काटा आला, काट्याच्या राखणीला गल्ला, आणि गल्ल्यामागं सिद्धाराम स्वतः बसले. ग्रामपंचायत घरपट्टी त्यांच्याकडूनच घेऊ लागली. घरपट्टी घेताना ग्रामपंचायत फार खोलात जात नाही.

पागेच्या दोन खुणा उरल्या होत्या. एक, दाराशेजारच्या भिंतीत बसवलेली जाडजूड लोखंडी कडी. जमादाराची घोडी तिला बांधत, अण्णाराव तिला तराजू टांगत. दुसरी, समोरचा उंच दगडी ओटा, ज्यावरून जमादार घोड्यावर मांड टाकायचा. आता तिथं गाव बसायचं. कुणी कुठं बसायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी चुकतही नव्हतं. दाराजवळ बबनरावांसारखे बागाईतदार, कडेला कोरडवाहूवाले, पायऱ्यांवर सुतार-कुंभार. गावाबाहेरच्या दलित वस्तीतली माणसं ओट्याला वळसा घालून बाजूच्या खिडकीशी उभी राहायची आणि तिथूनच मीठ-मिरची न्यायची. दुकानात बसवेश्वरांची तसबीर होती. अण्णाराव लिंगायत, रोज सकाळी आंघोळ, पूजा, कपाळाला भस्म, मग तसबिरीला उदबत्ती. बसवेश्वरांची नजर नेमकी त्या खिडकीवर पडायची. तसबीर टांगताना हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला गावात एस.टी.डी.चा पिवळा बूथ झाला होता, शांपूच्या पुड्या माळेनं लटकत होत्या, आणि रस्त्याकडेच्या जागेला एकाएकी किंमत आली होती. अण्णारावांच्या मुलानं, त्याचं नावही बसवेश्वर, ओटा पाडून तिथं शटरवाले सहा गाळे काढायचं ठरवलं होतं. नाव 'बसवेश्वर शॉपिंग सेंटर'. बापाला वाटायचं नाव देवाचं आहे, मुलाला वाटायचं आपलं आहे. गवंडी ठरला होता, वाळू पडली होती.

वाळू पडली त्याच आठवड्यात गावात एक जीप आली आणि तिच्यातून एक हबशी उतरला.

ते खरं तर अमेरिकेतले प्रोफेसर हॉज. साठीचे, उंचेपुरे, काळेभोर, पांढरी दाढी. बरोबर त्रिंबक म्हणून केजकडचे एक प्राध्यापक होते. ते कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि या निमित्तानं ते बोलायचीही वेळ त्यांच्यावर आली होती. देशोदेशी फिरून वरची माणसं खालच्यांशी कशी वागतात हे बघायचं आणि एका देशाला दुसऱ्याशेजारी ठेवून लिहायचं, हा हॉज साहेबांचा व्यवसाय. याचा पगार मिळतो यावर गावाचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

त्रिंबकरावांना त्यांनी जीपमध्ये बरंच सांगितलं होतं. लंडनमध्ये खोलीसाठी फोन केला की घरमालकीण गोड बोलायची, आणि दारात गेलं की खोली नुकतीच गेलेली असायची. ब्राझीलमध्ये सगळे छातीवर हात ठेवून सांगायचे की आमच्यात असलं काही नाही, आणि नोकरांची लिफ्ट कुठं आहे ते दाखवायचे. दक्षिण आफ्रिकेत एका बाकावर ते मुद्दाम बसून आले. 'फक्त गोऱ्यांसाठी' ही पाटी काढली होती, तिच्या स्क्रूची भोकं तशीच होती. प्रत्येक देशानं त्यांना हे मात्र सांगितलं की खरा प्रकार बघायचा तर पुढच्या देशात जा. आफ्रिकेतल्या लोकांनी हिंदुस्थान सांगितला होता. बीडमध्ये त्यांना पाटोदा सांगितलं. पाटोद्यातल्या लोकांनी चहा पाजला, आमच्याकडं समदे भावाभावासारखे हायेत म्हणाले, आणि नांदूरघाटचा रस्ता दाखवला.

बबनरावांनी स्टँडवर साहेबांना बघितलं आणि ते थेट दुकानात आले. त्यांचं आणि अण्णारावांचं शाळेपासूनचं.

"मुबारक जमादाराचा नातू आला बे," ते म्हणाले.

अण्णारावांनी हातातलं माप खाली ठेवलं. साहेब अमेरिकेचे आहेत असं गाव म्हणत होतं, पण गाव म्हणतं त्यावर त्यांनी आजवर कधी भरवसा ठेवला नव्हता. असा रंग, अशी उंची त्यांनी लहानपणी एकाच माणसाची बघितली होती, याच ओट्यावर. अमेरिकेतली माणसं गोरी असतात हे पोरंसोरंही जाणतात. हैदराबादेत मात्र हबशी आहेत. वाळू पडायला आणि नातू उगवायला एकच मुहूर्त कसा?

तासाभरात हॉज साहेब दुकानासमोर उभे राहिले. परीक्षा बघावी म्हणून अण्णारावांनी दखनीत सुरुवात केली.

"आवो जमादारसाब, बैठो."

साहेब हसले, मान लववली, इंग्रजीत आभार मानले. उर्दू कळते आणि कळत नाही असं दाखवतोय, अण्णारावांनी मनात नोंद केली.

साहेबांचा पहिला प्रश्न होता, या गावात पूर्वी कोण राहायचं. दुसरा, ही इमारत कुणी बांधली. तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. कडीतून तराजू लटकत होता तो त्यांनी हलक्या हातानं बाजूला केला, कडीत दोन बोटं घातली आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या आजीच्या गावात गुलामांच्या जुन्या बाजाराच्या भिंतीत अशाच कड्या होत्या आणि त्यांना घोडी बांधत नसत. हे त्यांनी त्रिंबकरावांना नंतर सांगितलं. अण्णारावांना एवढंच दिसलं की आल्या आल्या या माणसानं नेमक्या कडीला हात घातला.

मग साहेबांनी त्रिंबकरावांमार्फत विचारलं, इथं सगळ्यांचा रंग सारखाच दिसतो, मग कोण कोण आहे हे तुम्हाला कळतं कसं?

अण्णारावांना या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. घटकाभर ते जागेची काळजीही विसरले. "इचारून," ते म्हणाले. "आडनाव इचारायचं, गाव इचारायचं, पावने कुनाकडचे ते इचारायचं. तिकडं नुसतं बघून कळत असंल तर मानसं आळशी झाली असतील."

त्रिंबकरावांनी हे जसंच्या तसं सांगितलं. साहेब खळखळून हसले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. पाठोपाठ सांगितलं, उद्या सकाळी मी पुन्हा येतो, या ओट्यावर कोण कुठं बसतं ते मला बघायचं आहे.

साक्षीदार मोजतोय, अण्णाराव समजले.

ऊन कलल्यावर बबनराव त्यांच्या माहितीतल्या एका वकिलाचा सल्ला घेऊन आले. सल्ला असा की जागा वर्षानुवर्षं आपल्या कबज्यात आहे असं गावानं तोंडानं म्हटलं पाहिजे, आणि सगळ्या जातींनी म्हटलं पाहिजे, म्हणजे आपापसात ठरवलं असं कुणाला म्हणता येणार नाही. तेव्हा उद्या ओट्यावर सगळे बसलेले दिसायला हवेत. वस्तीतलेसुद्धा. खिडकीशी उभा राहून दिलेली साक्ष परक्या माणसाला साक्षीसारखी वाटणार नाही.

वस्ती निम्मी ओस होती. धडधाकट माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेली. मागं म्हातारी आणि कुत्री. त्यांतला धोंडीराम अण्णारावांना हवाच होता. जमादाराला बघितलेला वस्तीत तोच एक उरला होता. त्याचा बाप पागेत घोड्यांचा खरारा करायचा. अण्णारावांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दारात पाय ठेवला. धोंडीराम बाजेवरून उठू लागला तर त्यांनी हातानंच बस म्हटलं.

"धोंडीराम," ते म्हणाले. आजवर ते धोंड्या म्हणत आले होते. म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. अण्णारावांनी थोडक्यात सांगितलं: उद्या साहेब विचारील, तेव्हा जागा पहिल्यापासून आमचीच, एवढं म्हणायचं.

धोंडीरामानं कारण विचारलं नाही. म्हणाला, "बसायचं कुटं?"

"कुटं म्हंजे? वट्यावर."

"दाराच्या हाताला का कडंला?"

अण्णारावांच्या डोळ्यांपुढं दाराशी बसणारे बबनराव आले. पण साक्ष मोठी होती. "दाराच्या हाताला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदूरघाटच्या ओट्यानं कधी बघितलं नव्हतं असं बघितलं. दाराजवळ बबनराव, त्यांच्याशेजारी धोंडीराम, त्याच्या पलीकडं सुतार, मग दोन बागाईतदार, मग वस्तीतलीच बायनाबाई, जी बसता बसता दोनदा उठली. सगळे फोटो काढायला बसल्यासारखे समोर बघत होते. नीलाबाईंनी एकसारख्या कपांतून चहा पाठवला. त्यासाठी लग्नातला सेट फळीवरून खाली उतरला होता. बबनराव कप हातात धरून तसेच बसले होते; चहा त्यांच्याच्यानं पिववेना आणि ठेववेना.

हॉज साहेब ओट्यासमोर उभे राहून बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल अशी त्रिंबकरावांची अपेक्षा होती. तो दिसला नाही. साहेबांच्या लहानपणी त्यांच्या गावात शहरातले पत्रकार आले होते, तेव्हा दुकानदारानं साहेबांच्या वडिलांना दुकानाच्या पडवीत खुर्चीवर बसवून हातात थंड पेयाची बाटली दिली होती. पत्रकार गेल्यावर बाटली परत घेतली, तीत अर्धं शिल्लक होतं. त्यामुळं असे ओटे साहेबांना ओळखू यायचे. इथं अण्णारावांना साहेबांचा संशय होता आणि साहेबांना अण्णारावांचा, आणि दोघांच्या मधे त्रिंबकराव.

साहेब सरळ धोंडीरामाकडं गेले. म्हणाले, यांना विचारा, याआधी इथं कधी बसला होता?

त्रिंबकरावांनी विचारलं.

"बसलो न्हाई कदी," धोंडीराम म्हणाला. "झोपलोय."

अण्णारावांनी गल्ल्याची कड धरली.

धोंडीराम सावकाश, कुणाकडं न बघता बोलत गेला. लहानपणी तो बापाबरोबर इथंच निजायचा, आत, घोड्यांच्या पायाशी, कडब्यावर. घोड्याशेजारी निजलेलं चालायचं. जमादार रागीट होता पण घोड्यांच्या आधी बापाला भाकर द्यायचा. आणि मग, सांगितल्याप्रमाणं, तो म्हणाला की जागा अण्णारावआप्पांचीच हाय.

अण्णारावांनी गल्ल्याची कड सोडली. धोंडीरामाचं संपलं नव्हतं.

"जमादार गेलता तवा किल्ली माज्या बापाच्या हातात देऊन गेलता. येईस्तोर संबाळ म्हनला. आता बाजारपेठेतलं दार आमी उघडायचं म्हंजे गावाला चाललं नसतं. म्हनून बापानं किल्ली सिद्धारामआप्पांकडं दिली. तुमी संबाळा म्हनला, जमादार येईस्तोर." त्यानं कपातला शेवटचा घोट घेतला. "तवापून संबाळतेत. लई नीट संबाळलं. जागा आप्पांचीच."

बबनरावांनी त्या क्षणी आपला चहा एका दमात पिऊन टाकला.

साहेबांनी विचारलं, काय म्हणाले? त्रिंबकरावांनी आधी अण्णारावांकडं बघितलं, मग चपलेकडं, आणि इंग्रजीत सांगितलं की हे म्हणतात, दुकान अण्णारावांचं आहे. एवढ्या लांब बोलण्याचं एवढं छोटं भाषांतर साहेबांनी ब्राझीलमध्येही ऐकलं होतं. त्यांनी वही मिटली. धोंडीरामाशेजारी थोडी जागा होती तिथं बसून घेतलं, कडीकडं बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

"घोडी," धोंडीराम म्हणाला आणि हातानं लगाम ओढून दाखवला.

"हॉर्स?" साहेबांनी विचारलं.

धोंडीरामानं मान डोलावली. साहेबांनी कडीकडं पुन्हा एकदा नीट बघितलं. त्यांना बरं वाटलं असावं. पण पटलं असेलच असं नाही.

निघताना अण्णारावांनी त्रिंबकरावांना बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारायला सांगितली, साहेब आता इथून जाणार कुठं? साहेब मोकळेपणानं म्हणाले, हैदराबादला. त्यांचं विमान तिथून होतं. अण्णारावांना विमानाचं सांगितलं, पण त्यांच्या कानात हैदराबाद एवढंच राहिलं.

जीप दिसेनाशी झाल्यावर ओटा पटापट रिकामा झाला. जो तो आपल्या जागी गेला. धोंडीराम मात्र बसून राहिला. ऊन आल्यावर उठला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन बसला. दाराच्या हाताला.

बसवेश्वर म्हणाला, ह्याला उठवतो. अण्णारावांनी त्याला आत नेऊन समजावलं. उठवलं तर हा बोलेल. काल साहेबापुढं बोलला ते भाषांतरात गेलं. बाजारात बोलला तर मराठीतच बोलेल. आणि जमादारानं किल्ली दिली होती ती याच्या बापाकडं, तर खरा सांभाळणारा कोण, हा प्रश्न एखाद्या रिकामटेकड्याला पडायला वेळ लागत नाही. "मग चहा पाठवायचा का आता त्याला रोज?" बसवेश्वरनं विचारलं. रोज चहा जाऊ लागला. कप कोणता द्यायचा यावर घरात दोन दिवस विचार झाला. लग्नातला सेट पुन्हा फळीवर गेला नाही. बागाईतदार काही दिवस आलेच नाहीत. मग गप्पांवाचून करमेना म्हणून एकेक परतले.

धोंडीराम बसतो म्हटल्यावर बायनाबाईही खिडकी सोडून पायरीवर टेकू लागली, आणि ऊसतोडीहून परतलेल्या माणसांनी हे बघून कुणालाच काही विचारलं नाही. ते पण बसले. तालुक्यात बोलबाला झाला. पुढच्या बसवजयंतीला एका मंडळानं अण्णारावांचा 'समतेचे पाईक' म्हणून सत्कार केला. शाल अंगावर पडताच त्यांनी आधी ती आतून चाचपून बघितली. पुढच्या रांगेत धोंडीराम टाळ्या वाजवत होता. तो जरा जास्तच वेळ वाजवतोय असं अण्णारावांना वाटलं.

हा म्हातारा इथं पाहुणा म्हणून बसतो की मालक म्हणून, हे काही त्यांना ठरवता येईना. एकदा न राहवून त्यांनी विचारलंच.

"धोंडीराम, तुमच्या मनात तरी काय हाय?"

"सावली बरी हाय हितं, आप्पा."

या उत्तरात काय दडलंय ते शोधण्यात त्यांचं एक वर्ष गेलं. ओटा पाडायचं काम तोवर तहकूब झालं. वाळू पावसात वाहून गेली, दुसरी आणली, तीही गेली. शेवटी बसवेश्वरनं हट्टानं ओट्याला धक्का न लावता मागच्या अंगाला तीनच गाळे काढले आणि दर्शनी भिंतीला गिलावा करायला घेतला. गिलाव्याच्या आड येते म्हणून गवंड्यानं कडी उखडली. अण्णारावांनी अडवलं नाही. निदान ती तरी जावी असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी स्वतः ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकली, आणि तराजूही आता इलेक्ट्रॉनिक घ्यायचा ठरवला.

सकाळी धोंडीराम आला, बसला. चहा आला. भिंतीतल्या भोकाकडं त्यानं बराच वेळ बघितलं.

"कडी काढली का, आप्पा?"

"गंजली हुती."

"काढली तर काढली," धोंडीराम म्हणाला. "जमादार आला तर इचारील, एवढंच."

मुबारक जमादार हयात असता तर तेव्हा शंभराच्या पुढं गेला असता. अण्णारावांनी हा हिशोब मनातल्या मनात दोनदा केला. मग पायात चपला घालून ते स्टँडकडं भंगारवाल्याला गाठायला निघाले. दुपारी गवंड्याला परत बोलावलं आणि कडी होती त्याच जागी, ताज्या सिमेंटात, पहिल्यापेक्षा घट्ट बसवून घेतली. धोंडीराम ओट्यावरून उतरून जवळ गेला, कडी हातानं ओढून बघितली आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.